नमुन्याचा पाय

‘जन्मापासूनच सपाट आहे तुमचा तळवा,’ बुटांच्या दुकानातला सेल्समन त्याचा पाय हातात धरून, वर बघायचेही कष्ट न घेता म्हणाला. आणि मग दुसरा पाय उचलून, पत्राला ताजा कलम जोडावा तसं, ‘दोन्ही.’ दुकानात एक काचेचा पाट होता, त्याच्या खालून हिरवा उजेड यायचा, आणि त्यावर उभं राहिलं की समोरच्या पडद्यावर तळव्याचा ठसा उमटायचा. चारचौघांच्या ठशाला मधे खाच असते, कंबर असते. त्याचा ठसा इस्त्रीच्या तळासारखा सलग होता. तो खाली उतरला, पुन्हा चढला. इस्त्रीच. ‘शक्य नाही,’ तो म्हणाला. ‘काय शक्य नाही?’ ‘माझा पाय नमुन्याचा आहे.’ ‘म्हणजे?’ ‘म्हणजे तुमच्या वडलांनी शाळेत जे काळे बूट घातले असतील ना, ते माझ्या पायावरून बनवलेले.’ सेल्समननं आता मात्र वर पाहिलं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नव्हता. ‘वडील अनवाणी जायचे,’ सेल्समन म्हणाला, आणि खोक्याचं झाकण लावून टाकलं.

हे तो फुशारकी म्हणून बोलला नव्हता. काही लोकांना आपला रक्तगट माहीत असतो, तसं त्याला हे माहीत होतं. त्याचं लहानपण शहरापासून लांब, शेतांच्या आणि एका बोडक्या टेकडीच्या मधे वसलेल्या बुटांच्या कारखान्यात गेलं. कारखाना, त्याच्या मागं कामगारांची कॉलनी, कॉलनीच्या मागं ओढा, आणि ओढ्याच्या मागं काहीच नाही. बाबा नमुना विभागात होते. खऱ्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, साच्यातून पांढरा पाय ओतायचा, आणि तो सुताराला द्यायचा. सुतार त्यावरून लाकडाचा पाय कोरणार, कलबूत म्हणतात त्याला, आणि मग त्या कलबुतावर बूट शिवले जाणार, हजारोंनी. पण पहिला पाय कुणाचा तरी खरा लागतो, गरम, रक्तामांसाचा, आणि तो कॉलनीतल्याच एका मुलाचा निवडायचा अशी तिथली रीत होती. तो अजून शाळेतही जात नव्हता तेव्हा एका संध्याकाळी बाबा फोरमनकाकांना घेऊनच घरी आले, दोघांनी त्याच्यासमोर खुर्च्या मांडल्या, आणि बाबा अत्यंत गंभीरपणे म्हणाले, ‘तुझा पाय निवडला गेलाय.’ फोरमनकाकांनी टोपी काढली. ज्या माणसानं मॅनेजरपुढेही कधी टोपी काढली नव्हती त्यानं चार-साडेचार वर्षांच्या पोरासमोर काढली, आणि त्याला वाटलं, हे असंच असणार. मोठ्या माणसांचं जग आजवर आपल्याला ओळखत नव्हतं, आता ओळखायला लागलं.

अटी होत्या. धावायचं नाही, पंजा पसरतो. उड्या मारायच्या नाहीत, टाच दबते. ओढ्यात जायचं नाही, पाण्यानं पाय फुगतो. फार वेळ रडायचं नाही, रक्त खाली उतरतं. फार हसायचंही नाही, हसल्यानं पायात हवा भरते. दर काही महिन्यांनी बाबा त्याला बसनं शहरात पाय तपासायला नेत, आणि डॉक्टर पाय तपासायला छातीवर नळी लावत. ‘पायाचं मूळ वर असतं,’ बाबांनी समजावलं होतं, आणि त्याला ते पटलं होतं. झाडाचं मूळ खाली असतं, मग माणसाचं कुठंतरी दुसरीकडे असायलाच हवं. कॉलनीतल्या बायका आपापल्या पोरांना त्याच्या वाटेतून बाजूला ओढत. ‘सर रे, पायसाहेब चाललेत.’ हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ते इतकं चिकटलं की शाळेत हजेरी घेतानाही मास्तर एकदा तेच बोलून गेले. शाळेच्या शर्यतीत तो शेवटच्या रेषेवर फीत धरून उभा राही. मुलं जिवाच्या आकांतानं त्याच्याकडे धावत येत, छातीनं फीत तोडत, आणि पुढं निघून जात. दर वेळी त्याच्या हातात तुटकी फीत उरे आणि त्याला वाटे, ही सगळी माझ्याच पायांनी धावताहेत. तो वाढला की सगळीकडची मुलं वाढत, कारखाना पुढचा नंबर काढी. एवढी एकच गोष्ट खटकायची, की ते बूट अख्ख्या कॉलनीत फक्त त्यालाच चावायचे. आतल्या बाजूनं, ऐन मधोमध. त्यानं हे कधी कुणाला सांगितलं नाही. अस्सल माणसाला नकलेचा त्रास व्हायचाच, असा अर्थ त्यानं लावला आणि तो चावा मानचिन्हासारखा बाळगला.

पुढं जे व्हायचं ते झालं. कारखाना बंद पडला, कॉलनी पांगली, आई-बाबा एकामागून एक गेले, आणि तो शहरात सुरक्षा तपासनीस झाला, म्हणजे लोकांच्या इमारतींत फिरून कुठं कोण घसरेल हे आधीच लिहून ठेवायचं काम. हे काम त्याला शोधत आलं म्हटलं तरी चालेल. लग्न झालं, आणि बायको सोडून गेली. जाताना तिनं भांडण केलं नाही, एवढंच म्हणाली, ‘तू जिना उतरतोस ना, तेव्हा मला वाटतं कुणीतरी काचेचं कपाट उतरवतंय.’ त्याला ते बोचलं नव्हतं. कपाटात काय आहे हे तिला माहीत नव्हतं, त्याला होतं. घरं मोडतात, माणसं जातात, पगार थांबतो, पण एका सबंध पिढीनं त्याच्या पायावर उभं राहून राष्ट्रगीतं म्हटली, परीक्षांना गेली, पळून गेली, ही गोष्ट कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. आणि आता एका दुकानात, हिरव्या उजेडात, एका कंटाळलेल्या माणसानं ती काढून घेतली होती. सपाट पायावरून कुणी नमुना घेईल का? सपाट डोक्याचा माणूसही घेणार नाही.

त्यानं रस्त्यावरूनच ताईला फोन लावला. ताई त्याच्याहून मोठी, त्याच शहरात, दोन पोरांची आई आणि एका दवाखान्यात स्वागतकक्षात बसणारी. ‘ताई, माझे तळवे सपाट आहेत का गं?’ ‘हो,’ ती म्हणाली. इतक्या झटकन, जणू तो प्रश्न कधीपासून तिच्या हाताशी तयार होता. ‘तुला कसं माहीत?’ ‘अरे, आंघोळ करून निघायचास तेव्हा फरशीवर ठसे पडायचे. बदक गेल्यासारखे. आई पुसत यायची मागनं.’ ‘मग मी नमुना कसा?’ फोनमध्ये तिच्याकडच्या कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी. ‘कारखाना पाडणारेत म्हणे,’ ताई म्हणाली, ‘रविवारी मोकळा आहेस का? जाऊन येऊ. नमुन्याच्या खोलीत असतील अजून पाय. तुझं तू बघ.’ तो काय विचारत होता आणि ती कशाचं उत्तर देत होती याचा मेळ बसेना. पण जायला तर हवंच होतं. कुठल्यातरी फळीवर त्याचा पाय असणार. डोळ्यांनी बघितला की दुकानातला काचेचा पाट खोटा ठरणार.

गाडी ताई चालवत होती. शहर संपलं, गोदामं संपली, मग नुसता सपाट रस्ता आणि दोन्ही बाजूंना कापलेली शेतं. सपाट हा शब्द त्याला आता जिकडेतिकडे दिसत होता. ताई गाणं गुणगुणत होती, अर्ध्यात सोडत होती, पुन्हा पहिल्यापासून धरत होती, आणि काहीतरी सांगायचं असलं की ती असंच करते हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं विचारलं नाही. धुराडं दिसलं तेव्हा त्याला वाटलं आपल्याला भरून येईल, पण धुराड्याच्या टोकातून एक झाड वर आलेलं होतं, एखाद्यानं फुलदाणी करून ठेवल्यासारखं, आणि भरून यायच्या ऐवजी तो मनात लिहू लागला: वरच्या विटा सैल, कुंपण अपुरं, फाटकाचा कडी-कोयंडा गंजलेला. फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक पहारेकरी बसला होता, नव्या मालकानं ठेवलेला, या गावचाही नसलेला. ‘आत काय नाही,’ तो म्हणाला. ‘नुसते पाय आहेत.’ ‘कसले?’ ताईनं विचारलं. ‘लाकडाचे. ढीग पडलाय. थंडीत शेकोटीला घेतो मी. छान जळतात पाय.’ आणि त्यानं आपल्या पाहुणचाराचा भाग म्हणून खुर्चीमागून एक उचलून दाखवला, लहान मुलाच्या मापाचा, तेल पिऊन काळा झालेला, टाचेकडून जळलेला. ताई म्हणाली, ‘आम्ही बघून येतो हं दादा.’ ‘बघा की. विटा पडतात तेवढं डोक्याचं बघा,’ पहारेकरी म्हणाला. पायाचं कुणी काही म्हणालं नाही.

शिलाईखात्याचं छप्पर अर्धं खाली आलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर कबुतरांची वसाहत होती. यंत्रं भंगारवाल्यांनी कधीच नेली होती. जिथं जिथं यंत्र होतं तिथं जमिनीतून चार-चार बोल्ट वर आलेले, जसे टेबल नेलं तरी गालिच्यावर पायांचे खळगे राहतात. रबराच्या तळव्यांच्या चळती उन्हानं वळून वाळक्या सालींसारख्या झाल्या होत्या. चामड्याचा वास मात्र होता. सगळं नेलं, वास न्यायचा राहिला. तो वास नाकात गेला आणि बाबा आले, एकदम, बनियनवर, कोपरापर्यंत पांढरे हात घेऊन. त्याच्या पायाभोवती ओलं गार प्लास्टर थापत, तोंडानं शीळ घालत. त्याला ते लख्ख आठवत होतं. आधी अंगावर काटा येईल असं गार, मग हळूहळू, बाहेरून काही न करता, ते आतून गरम व्हायला लागतं. प्लास्टर घट्ट होताना तापतं. त्यानं घाबरून बाबांकडे पाहिलं होतं आणि बाबा म्हणाले होते, ‘तुझ्या पायाला ओळखलं त्यानं.’ पुढं आयुष्यात कुणी कुणी त्याचे हात हातात घेतले, बायकोनंही घेतले, पण तशी ऊब पुन्हा आली नाही. तो ताईच्या मागून चालत होता, फुटक्या काचा चुकवत, आणि त्याला मनापासून वाटलं की चूक दुकानाचीच आहे.

नमुन्याच्या खोलीला दार नव्हतं, पण छप्पर शाबूत होतं. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे पाय होते, रांगेनं, धुळीखाली, एखाद्या समारंभाला बोलावून यजमान विसरून गेलेल्या पाहुण्यांसारखे. लाकडाला बोटं नसतात, प्लास्टरला असतात. त्यानं एक उचलला, फुंकर मारली. लहान पाय, उजवा, वळणदार, मधे अशी कमान की खालून मुंगीनं बिनधास्त जावं. टाचेखाली बाबांच्या हातचा त्रिकोण होता, मंजुरीची खूण. हाच तो. ‘हा माझा,’ तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. ताईनं पाय त्याच्या हातातून घेतला, उलटा-सुलटा केला. ‘अंगठ्याशेजारचं बोट बघ,’ ती म्हणाली. ते बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. मग ती भिंतीला टेकली, चप्पल काढली आणि आपला उजवा पाय धुळीत त्याच्यासमोर ठेवला. टाचेला भेगा पडलेला, बोटावर जुना फोड वाळलेला, पन्नाशीकडं झुकलेला पाय. अंगठ्याशेजारचं बोट लांब होतं. ‘माझा आहे,’ ताई म्हणाली. ‘पहिल्यापासून माझाच होता. सगळे माझेच आहेत इथं.’

‘मग मी?’

‘तुझ्या काळजाला भोक होतं.’

‘कुठं?’

‘काळजाला म्हणजे काळजालाच. आणखी कुठं असणार?’ ती चिडली, मग तिनं आवाज खाली आणला. ‘डॉक्टर म्हणाले, पळू देऊ नका, दमू देऊ नका, आणि घाबरवू तर मुळीच नका. आता पोराला भोक आहे असं सांगितलं तर ते घाबरणार, आणि नाही सांगितलं तर पळणार. आई नुसती रडत होती. बाबा माझा साचा घेत होते त्या वेळी, माझा पाय प्लास्टरच्या बादलीत होता. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग तुझ्याकडे बघितलं. आणि म्हणाले, सुचलं.’

‘कुणाकुणाला माहीत होतं?’

‘सगळ्यांना.’

‘फोरमनकाकांना?’

‘त्यांनीच तर मीटिंग घेतली.’

‘मीटिंग?’

‘कँटीनमध्ये. सगळी कॉलनी होती. तू झोपला होतास. चहा पण होता,’ ताई म्हणाली, जणू चहामुळे त्या गोष्टीला थोडी प्रतिष्ठा येईल. ‘काकांनी टोपी काढायची, बायकांनी पोरं बाजूला घ्यायची, मास्तरांनी फीत द्यायची, सगळं ठरलं. टोपीचा सराव पण केला काकांनी. हसत होते सगळे. वाईट हसणं नव्हे रे ते.’

त्यानं छातीवर हात ठेवला. आत नेहमीसारखं चाललं होतं, निर्लज्जासारखं. ‘आणि आता?’

‘आता काय? बुजलं ते. तू हायस्कूलला जायच्या आधीच. डॉक्टर म्हणाले, आता घोडा झालाय, सोडा मोकळा.’

‘मग सोडला का नाही?’

ताईनं उत्तर द्यायच्या आधी चप्पल घातली. ‘सांगणारच होते. आई म्हणाली, आजच सांगू. बाबा म्हणाले, रविवारी निवांत सांगू. रविवारी पाहुणे आले. मग संप झाला. मग आई पाय घसरून पडली, मग बाबांची बदली होणार का नाही होणार... मग राहूनच गेलं.’

‘राहून गेलं?’

‘होतं असं, अरे.’

‘काय होतं असं? छत्री राहून जाते, ताई. गॅस बंद करायचा राहून जातो.’

त्याला राग यायला हवा होता आणि राग कुठून सुरू करावा हेच समजेना. खोटं बोलले त्याचा राग धरावा तर ते प्रेमानं बोलले होते. आणि प्रेमानं फसवलेल्या माणसाची तक्रार नोंदवून घेणारी खिडकी कुठल्याच कचेरीत नसते. पण नंतरची वर्षं? भोक बुजल्यानंतरची? काळीज धडधाकट, पाय मोकळे, ओढ्याला पाणी, आणि तो फीत धरून उभा. तेव्हा कुणी त्याला जपत नव्हतं. नाटक कधीच संपलं होतं, नटांना कंटाळा आला होता, आणि एका प्रेक्षकाला घरी जा म्हणून सांगायचं कुणाच्या लक्षात नव्हतं. त्याला एकेक चेहरा आठवू लागला आणि प्रत्येक चेहरा दाराआड गेल्यावर कसा सैल झाला असेल ते दिसू लागलं. काका टोपी खुंटीला अडकवताना बायकोला म्हणाले असतील, झाली आजची काढून. मास्तर म्हणाले असतील, अजून चाललंय का ते? आणि बाबा. बाबा शेवटच्या आजारात त्याच्या हातून पाणी पीत होते, कितीतरी दुपारी, दोघंच खोलीत, आणि एकदा त्याच्या पायाकडे बघून म्हणाले होते, ‘चांगले बूट घेत जा रे.’ तेव्हा त्याला भरून आलं होतं. आता त्याच्या लक्षात आलं की बाबांना तेव्हाही आठवलं नव्हतं. लपवलं असतं तर निदान ते त्याच्यासाठी काहीतरी करत होते असं तरी झालं असतं. ते विसरले होते.

‘आणि मला कुणी विचारलं?’ ताई म्हणत होती. ती केव्हापासून बोलत होती कुणास ठाऊक. ‘माझा पाय शाळाशाळांत गेला आणि घरात मला काय? पायसाहेबांच्या चपला आणून दे. मी काट्याकुट्यातनं पळायचे, कुणी म्हणालं नाही सांभाळ म्हणून. एकदा तरी वर्गात सांगावंसं वाटायचं, ए, तुमचे बूट बघा, ती मी आहे. नाही सांगितलं. तुझ्यासाठी नाही सांगितलं.’ तिचे डोळे भरले होते. हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे, आणि कधीतरी याबद्दल आपल्याला फार वाईट वाटेल, असं त्याला दिसत होतं, लांबच्या गाडीचा दिवा दिसावा तसं. पण त्याच्या आत आता जागा नव्हती. तो म्हणाला, ‘माझाही साचा घेतला होता. ते गरम झालं होतं. ते खोटं नव्हतं.’ ‘घेतला होता की,’ ताई नाक पुसत म्हणाली. ‘तुझी खात्री पटावी म्हणून घेतला.’ ‘मग तो पाय कुठाय?’

त्यानं फळ्या धुंडाळल्या. त्रिकोणाचे पाय, लांब बोटाचे पाय, ताई, ताई, लहान ताई, मोठी ताई. खोलीच्या मध्यावर बाबांचं कामाचं टेबल होतं, वर दगडी फरशी बसवलेलं, चौघांनी उचलावं इतकं जड, म्हणूनच कुणी नेलं नव्हतं. त्याचा एक पाय वाळवीनं खालून खाल्ला होता, किंवा पहिल्यापासूनच आखूड होता. त्या पायाखाली काहीतरी सारलेलं होतं. तो गुडघ्यांवर बसला. धुळीखाली आधी टाच दिसली, मग पाच बोटं, एका उंचीची, शहाण्यासारखी ओळीत. कमान नव्हती. तळवा जमिनीला असा चिकटून होता की मधून कागद गेला नसता. त्यानं टेबल हलवून पाहिलं. टेबल तसूभर हललं नाही. इतकी वर्षं, इतकी यंत्रं गेली, छप्परं खाली आली, आणि ते टेबल पक्कं उभं होतं.

‘डुगडुगायचं ते,’ ताई हळू आवाजात म्हणाली. ‘बाबा सारखे कुरकुरायचे.’

‘उचल,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘टेबल. या बाजूनं. दोन्ही हातांनी धर.’

ताईनं हातातला आपला प्लास्टरचा पाय टेबलावर ठेवला, पदर खोचला, आणि वाकून फरशीच्या कडेखाली दोन्ही हात घातले. ‘एकदम नाही व्हायचं हं, कमरेत भरेल,’ म्हणाली, आणि उचललं. त्यानं खालचा पाय ओढला. तो जमिनीत रुतला होता, सुटायला तयार नव्हता. मग एकदम सुटला, आणि त्याच्या मांडीवर आला. थंडगार होता. त्यानं तो शर्टाला पुसला, काखेत धरला आणि उठला.

‘सोडू का?’ ताईनं विचारलं. तिचे दंड थरथरत होते. टेबल तिच्या बाजूला कललं की वरचा पाय घसरत खाली येणार, हे तिला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. ‘अरे, खाली काहीतरी सार. वीट बघ. नाहीतर हा तरी उचल वरचा. अरे!’

तो दाराशी पोचला होता. ‘अरे बाळ्या,’ ताईनं हाक मारली. या नावानं हाक तिनं त्याला तो अगदी तान्हा असताना मारली असेल तर मारली असेल. त्यानं मागं पाहिलं नाही. शिलाईखात्यातून तो चालत निघाला, बोल्ट चुकवत, काचा चुकवत, कबुतरांच्या खालून, काखेतला पाय घट्ट धरून. घाई करायची त्याला सवयच नव्हती. मागून ताईचा आवाज येत होता, आधी रागाचा, मग काकुळतीचा, मग नुसता श्वासाचा. फाटकापाशी पोचेपर्यंत तो कान देऊन होता. काही पडल्याचा, फुटल्याचा आवाज आला नाही. ती अजून धरून होती.